काडतुसाचे तोंड: गोल वळण, आखूड नळी आणि दाबाचा हिशेब

बारा बोअरच्या काडतुसात तळाशी ठोक्याने पेटणारी टोपी, तिच्यावर दारू, दारूवर वॅड (म्हणजे दारू आणि छर्रे यांच्यामधले बूच) आणि वॅडवर छर्रे एवढा ऐवज असतो. बंदुकीची माहिती असणारे लोक बोलतात ते याच चार गोष्टींविषयी. दारू कोणती, छर्रा कोणत्या नंबरचा, टोपी जुनी तर झाली नाही ना. सर्वांत वर काडतुसाच्या कागदी किंवा प्लास्टिकच्या नळीची कड आत वळवून ते बंद केलेले असते. तिच्याकडे झाकण म्हणूनच पाहिले जाते. ही समजूत चुकीची आहे. काडतुसातला दाब केव्हा आणि किती चढेल, हे ठरवणाऱ्या घटकांपैकी ती वळलेली कड एक आहे आणि दारूच्या वजनाइतकीच ती नेमकी असावी लागते. रिकामी नळी कापून आखूड करायची, घरीच भरायची आणि तिचे तोंड गोल वळवून बंद करायचे, हा उद्योग काही देशांत छंद म्हणून चालतो आणि आपल्याकडे कायद्याने बंद आहे. तिकडे तो कोणत्या बंधनात चालतो आणि इकडे तो का अडवला आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी या कडेत सापडतात.

ठासणीचा बार

तोंड बंद करण्याचे काम सर्वांत उघडे दिसते ते ठासणीच्या बंदुकीत. नळीच्या पुढच्या टोकातून आधी दारू ओतायची, तिच्यावर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे आणि छर्ऱ्यांवर पुन्हा एक बोळा. शेवटचा बोळा नसेल तर नळी खाली झुकताच छर्रे सांडतील, हे कोणालाही कळते. पण जाणता माणूस बोळा नुसता ठेवत नाही, तो ठासतो. दारू आणि बोळा यांच्यात पोकळी राहिली तर नळीला त्या जागी फुगवटा येतो किंवा ती फाटते, हे त्याला ठाऊक असते.

आपल्या कायद्यात या बंदुकीला आजही वेगळी जागा आहे. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 13 मध्ये दोन प्रकारच्या परवान्यांचा उल्लेख शेजारी शेजारी येतो. एक, स्वसंरक्षण किंवा खेळासाठी किमान 20 इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक; दुसरा, पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. कोकणात सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे ही दुसरी बंदूक अजून घरोघरच्या बोलण्यात आहे. आपल्या मराठवाड्यात गौताळा अभयारण्याच्या कडेने कन्नड-सोयगावकडे मक्यात रानडुकरे आणि रोही शिरतात, त्या भागातल्या शेतकऱ्यालाही राखणीचा प्रश्न नवा नाही. (राखणीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे, त्यासाठी 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. हा फरक गावोगाव पुसट झालेला आहे, म्हणून येथे नोंदवतो.)

मुद्दा असा, की भारतात साधा नागरिक स्वतःच्या हाताने दारू मोजून बार भरतो तो फक्त ठासणीच्या बंदुकीत, आणि तिथे हे खपून जाते त्याचे कारण काळ्या दारूच्या स्वभावात आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या या मिश्रणाचा जळण्याचा वेग मुख्यतः दाण्याच्या आकारावर ठरतो. भोवतालच्या दाबाचा त्यावर परिणाम होतो, पण तो तुलनेने कमी. म्हणून बोळा एखाद्या वेळी थोडा सैल, एखाद्या वेळी थोडा घट्ट बसला तरी बार साधारण सारखाच उडतो. ती दारू चुका पोटात घालते. ज्यांनी आयुष्यभर ठासणीच वापरली त्यांना म्हणूनच काडतूस भरणेही तेवढेच सोपे वाटते, आणि धोका नेमका या समजुतीत आहे.

बिनधुराची दारू आणि दाबाची शर्यत

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएल याने 1884 मध्ये लष्करी रायफलींसाठी बिनधुराची दारू तयार केली. शिकारीच्या बंदुकांसाठी लाकडाच्या लगद्यापासून केलेली शुल्त्झ दारू त्याआधी 1860 च्या दशकातच आली होती. व्हिएलचे दुसरे काम आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे. दारूचा जळण्याचा वेग आणि भोवतालचा दाब यांचे नाते त्याने सूत्रात बसवले. बिनधुराच्या दारूत दाब वाढला की वेग वाढतो, वेग वाढला की वायू अधिक निर्माण होतो आणि वायू वाढला की दाब आणखी चढतो. उघड्यावर पेटवली तर हीच दारू पिवळ्या ज्योतीने शांतपणे जळून जाते. कोंडली तरच ती स्फोटक काम करते, आणि किती कोंडली यावर ते काम ठरते.

हे चक्र थांबवणारी गोष्ट एकच: छर्ऱ्यांचा स्तंभ पुढे सरकतो आणि वायूला जागा मिळते. म्हणजे काडतूस उडते तेव्हा एकीकडे वायू तयार होण्याचा वेग आणि दुसरीकडे जागा मोठी होण्याचा वेग, अशी शर्यत लागलेली असते. चाप ओढल्यापासून छर्रे नळीबाहेर पडेपर्यंतचा सारा खेळ काही सहस्रांश सेकंदांचा, आणि दाबाचे शिखर छर्रे पहिले काही सेंटीमीटर सरकेपर्यंतच येऊन जाते. शर्यत ठरते ती सुरुवातीच्या क्षणी. त्या क्षणी स्तंभाला अडवून धरणाऱ्या गोष्टी तीन: छर्ऱ्यांचे वजन, वॅडचे घर्षण आणि नळीची वळलेली कड.

पहिल्या दोन गोष्टी कारखान्यातून ठरून येतात. तिसरी वळवणाऱ्याच्या हातात असते. कड सैल वळली असेल तर स्तंभ टोपीच्या धक्क्यानेच पुढे सरकतो, दारूला कोंडमारा मिळत नाही, ती अर्धवट जळते. कड अति घट्ट किंवा अति खोल वळली असेल तर स्तंभ क्षणभर अधिक थांबतो आणि त्या क्षणात दाब अपेक्षेच्या पुढे निघून जातो. प्रेशर कुकरच्या शिट्टीचे वजन बदलले तर आतला दाब बदलतो, तसे हे आहे.

आकड्यांत पाहू. बारा बोअर म्हणजे ज्या नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या 12 गोळ्यांचे वजन एक पौंड भरते ती नळी. एक गोळी साधारण 37.8 ग्रॅमची, शिशाची घनता 11.34, यावरून व्यास निघतो सुमारे 18.5 मिमी आणि नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे 2.7 चौरस सेंटीमीटर. युरोपातील सीआयपी या संस्थेने नेहमीच्या बारा बोअर काडतुसासाठी कमाल दाब 740 बार (बार हे दाबाचे एकक) ठरवला आहे. त्या दाबाने वॅडच्या बुडावर पडणारा जोर येतो जवळजवळ दोन टन. तेवढाच जोर उलट दिशेने, म्हणजे बंदूक धरणाऱ्याच्या चेहऱ्याच्या दिशेने, काडतुसाच्या पितळी बुडावर आणि त्याला टेकलेल्या बंदुकीच्या पाठीवर येतो. दुनळी बंदूक मोडण्याचा, म्हणजे काडतूस भरण्यासाठी मधून उघडण्याचा सांधा आणि तिची खिट्टी हा जोर शेकडो-हजारो वेळा सोसतात, कारण तो मर्यादेत असतो. शिवाय हीच दारू उन्हात तापली की दाब काहीसा वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. गाडीच्या काचेखाली ठेवलेले काडतूस त्याहून तापते. कारखाना अशा तापमानाचा विचार करून दाबात मोकळीक ठेवतो. घरच्या तराजूवर ती मोकळीक मोजता येत नाही.

गोल वळण आणि पाकळ्यांची घडी

काडतूस ही फ्रान्सची देणगी. 1830 च्या दशकात लफोशोने मागून भरायची बंदूक आणली, पुढच्या दोन दशकांत बुडाच्या मध्यभागी टोपी असलेली कागदी काडतुसे आली, आणि नळीच्या तोंडावरचा ठासलेला बोळा काडतुसाच्या आत गेला. छर्ऱ्यांवर पुठ्ठ्याची पातळ चकती ठेवायची आणि कागदी नळीची उरलेली कड आत, खाली, चकतीवर गोल वळवायची. टेबलाला पकडून बसवलेल्या एका लहान हातयंत्राचा दांडा फिरवला की कड वळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज शिकारी, आणि हिंदुस्थानातले अधिकारीही, मुक्कामावर स्वतःची काडतुसे अशी भरत. चकतीवर छर्ऱ्याचा नंबर छापलेला असे. काडतूस हातात घेताच तो वाचता येई. दारू तेव्हा बव्हंशी काळीच होती, म्हणून हे घरगुती भरणे निभावून गेले. ती पद्धत जुनी आणि रुळलेली आहे म्हणून आजही सुरक्षित असणार, असे मानणारे लोक ही अट विसरतात.

गोल वळणात एक दोष होता. चकती छर्ऱ्यांच्या पुढे असते. नळीतून बाहेर पडताना ती कधी कधी छर्ऱ्यांच्या मार्गात येई आणि छर्ऱ्यांचा पसारा मध्यभागी फाटे. ठशात मधोमध भोक पडे. उडत्या पक्ष्यावर किंवा मातीच्या चकतीवर नेम धरणाऱ्याला हे परवडणारे नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे पाकळ्यांची घडी रूढ झाली ती यामुळे. नळीचे तोंड सहा किंवा आठ घड्यांनी आत दुमडायचे, चकतीच नको. 1960 मध्ये अमेरिकेत रेमिंग्टनने प्लास्टिकची नळी आणली आणि घडीला हवे तसे लवचिक साहित्य मिळाले. कागदी नळी पावसाळ्यात दमट होऊन फुगते आणि चेंबरमध्ये, म्हणजे बंदुकीतल्या काडतूस बसण्याच्या पोकळीत, अडकते. तीही कटकट संपली.

तरीही गोल वळण गेले नाही. मोठ्या छर्ऱ्यांच्या काडतुसात आणि एकच गोळी असलेल्या काडतुसात ते अजून दिसते. कारण घडीला नळीची साधारण 11-12 मिमी कड खर्ची पडते, गोल वळणाला त्याच्या निम्मी पुरते. जागा वाचते. नळी आखूड करण्याची कल्पना मुळात इथूनच निघते: एक-दोनदा वापरलेल्या नळीचे घडीचे तोंड झिजते, चिरा जातात; ते कापून टाकले तरी उरलेल्या नळीत गोल वळणापुरती कड शिल्लक राहते. तर्क बरोबर वाटतो. आता त्याच्या पोटात काय दडले आहे ते पाहू.

आखूड नळीत काय बदलते

पहिली गोष्ट घनफळाची. 2.7 चौरस सेंटीमीटर छेदाच्या नळीतून गोल वळणाने वाचते त्याहून 6 मिमी अधिक कापले तर आतली जागा सुमारे 1.6 घन सेंटीमीटरने घटते. काडतुसाच्या आतल्या जागेचा हा काही किरकोळ भाग नव्हे. तेवढी जागा कोणाच्या तरी वाट्यातून जाणार. छर्रे कमी केले तर पुढच्या वजनाचा अडसर घटतो आणि दारू नीट जळत नाही. वॅड आखूड घेतला तर धक्का झेलणारी उशी जाते. दोन्ही तसेच ठेवून सारे दाबून बसवले तर दारूवरचा दाब आणि तिची घनता सुरुवातीपासूनच वेगळी. बाहेरून काडतूस तसेच दिसते, वजनही तेवढेच भरते, आणि आतले वागणे बदललेले असते.

दुसरी गोष्ट कडेची. नळी एकदा उडाली की तिच्या प्लास्टिकला ताण बसलेला असतो. घडीच्या जुन्या रेषांची स्मृती त्यात राहते. कारखान्यात कोऱ्या नळीवर फिरता, तापलेला साचा ठरलेल्या वेगाने आणि ठरलेल्या खोलीपर्यंत येतो, म्हणून प्रत्येक कड सारखी उघडते. वापरलेल्या, हाताने कापलेल्या नळीची कड एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ राहते. वळण सुबक दिसले तरी ते उघडायला लागणारा जोर काडतुसागणिक निराळा. आधी सांगितलेल्या शर्यतीत सुरुवातीचा क्षणच निर्णायक असतो, त्यामुळे हा फरक दिसायला क्षुल्लक आणि परिणामाला मोठा ठरतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती घरी भरलेल्या काडतुसांइतकीच बाजारातून आणलेल्या काडतुसांनाही लागू आहे. काडतुसाची लांबी म्हणून जो आकडा सांगतात, 65 मिमी किंवा 70 मिमी, तो तोंड उघडल्यानंतरचा, म्हणजे उडाल्यानंतरचा असतो. गोल वळलेले 65 चे काडतूस बंद असताना जेमतेम 59-60 मिमी भरते. घडी घातलेले 70 चे काडतूस बंद असताना साधारण 58 मिमी. म्हणजे मोठे काडतूस हातात घेतल्यावर छोट्याहून आखूड दिसते! जहागीरदारांच्या, जुन्या घराण्यांच्या कपाटातल्या इंग्रजी दुनळ्या पुष्कळदा 65 मिमी चेंबरच्या असतात. त्यात 70 चे काडतूस विनासायास बसते, बंदूक नीट बंद होते, आणि बार उडताना कड पुढे उघडते तेव्हा ती चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात शिरते. वॅड आणि छर्ऱ्यांची वाट तिथे चिंचोळी होते, दाब चढतो. डोळ्यांना आणि बोटांना यातले काहीही कळत नाही. नळीच्या बुडाशी सपाट बाजूवर कोरलेला चेंबरचा आकडा आणि काडतुसावर छापलेला आकडा, एवढेच दोन साक्षीदार. घरी कापून, भरून, वळवलेल्या काडतुसावर छापलेला आकडा मूळ नळीचा असतो, तो खोटा झालेला असतो. म्हणजे एक साक्षीदार आधीच फितूर.

उलट बाजूने अति आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये घातले तर छर्रे आणि वॅड यांना नळीपर्यंत पोचण्याआधी चेंबरचा रिकामा भाग ओलांडावा लागतो. तिथे वायू वॅडच्या कडेने पुढे निसटतो, छर्रे चेपतात, शिसे चिकटते. यात धोका कमी, नुकसान अधिक.

फुसका बार

दाब वाढण्याविषयी लोक सावध असतात, दाब घटण्याविषयी नाही. सैल कडेच्या काडतुसातून येतो तो फुसका बार: आवाज दबका, धक्का नावाला, छर्रे थोड्या अंतरावर सांडलेले. हसून दुसरे काडतूस घालावे, असा हा प्रसंग. पण अर्धवट जळलेल्या दारूने वॅड नळीत मध्येच सोडलेला असू शकतो. पुढचा बार पूर्ण ताकदीचा असतो. त्याचा स्तंभ त्या अडकलेल्या वॅडवर आदळतो, आणि तोही नळीच्या मधल्या भागात, जिथे दाब उतरलेला असणार म्हणून पोलाद मुद्दाम पातळ ठेवलेले असते. दुनळी धरणाऱ्याचा डावा हात नेमका तिथेच असतो. म्हणजे अपघात दुसऱ्या काडतुसाने होतो आणि कारण पहिल्यात असते; ते दुसरे काडतूस कारखान्याचे, निर्दोष असले तरी. घरी भरलेल्या काडतुसाबद्दल 'माझे आजवर काही बिघडले नाही' असे सांगणाऱ्याने या साखळीकडे नीट पाहावे. त्याचे बिघडलेले काडतूस त्याला फक्त फुसके वाटले असेल.

जिथे चालते तिथे

अमेरिकेत मातीच्या चकत्यांवर नेमबाजी करणारे हजारो लोक स्वतःची काडतुसे भरतात. विस्कॉन्सिनच्या मेक कंपनीची हातयंत्रे तिथे गॅरेजमध्ये दिसतात. जुन्या इंग्रजी बंदुकांची आवड असणारे लोक आखूड नळी आणि गोल वळण हाही प्रकार करतात. पण त्यामागे जी शिस्त आहे ती दुरून दिसत नाही. दारू बनवणाऱ्या कंपन्या जे कोष्टक प्रसिद्ध करतात, त्यात अमुक कंपनीची नळी, अमुक टोपी, अमुक वॅड, अमुक वजन आणि तोंडाचा प्रकार असा पूर्ण संच असतो, आणि प्रत्येक संचाचा दाब प्रयोगशाळेत चाचणीच्या नळीला बसवलेल्या संवेदकाने मोजलेला असतो. संचातली एक वस्तू बदलली तर तो आकडा लागू नाही, हा पहिला नियम. घडीच्या तोंडासाठी मोजलेला दाब गोल वळणाला लावायचा नाही. थोडक्यात, तिथला छंदिष्टही दाब स्वतः ठरवत नाही. दुसऱ्याने मोजलेला दाब तो पुन्हा घडवतो. आपल्याकडे ते कोष्टक लागू करावे असे साहित्यच ग्राहकाला मिळत नाही. ज्या दारूचे नाव-गाव माहीत नाही, ती फटाक्यांतून किंवा खाणीच्या मालातून मिळवून नळीत भरणारे लोक भारतात हात आणि डोळे गमावतात, ते या फरकामुळे.

कायदा आणि खतावणी

छत्रपती संभाजीनगर शहरातल्या औरंगपुऱ्यात राहणाऱ्या माणसाचा बंदुकीचा परवाना शहराच्या पोलीस आयुक्तालयातून निघतो, त्याच जिल्ह्यातल्या सिल्लोडच्या माणसाचा जिल्हाधिकाऱ्यांकडून. परवान्यावर एका वेळी किती काडतुसे बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची हे लिहिलेले असते. विक्रेता प्रत्येक खरेदीची नोंद करतो. या परवान्यात काडतूस बनवण्याची मुभा येत नाही. 1959 च्या अधिनियमाच्या कलम 5 नुसार शस्त्र किंवा दारूगोळा बनवायला स्वतंत्र परवाना हवा. आणि 'दारूगोळा' या शब्दाची त्या कायद्यातली व्याख्या फार रुंद आहे: दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही तिच्यात येते. म्हणजे कड वळवण्याचे यंत्र कपाटात पडून असले तरी तो केवळ एका अवजाराचा प्रश्न राहत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान 7 वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्याआधी ती 3 ते 7 वर्षे होती. दारू साठवण्याचा प्रश्न वेगळाच. तो 1884 च्या स्फोटक अधिनियमाखाली येतो आणि तो अधिनियम राबवणाऱ्या यंत्रणेचे केंद्रीय कार्यालय नागपुरात आहे.

ही शिक्षा एका छंदाला जड वाटेल. पण कायद्यापुढे छंदिष्ट आणि गावठी कट्ट्यासाठी काडतुसे भरणारा असा भेद करण्याचे साधन नसते. काडतुसांवरचे सारे नियंत्रण खतावणीवर उभे आहे: किती घेतली, किती उडवली, किती उरली. घरी भरलेले काडतूस त्या खतावणीत कुठेच येत नाही. माझ्या मते येथे कायद्याची भूमिका तांत्रिकदृष्ट्याही योग्य आहे, कारण मोजलेला दाब आणि नोंदलेला आकडा या दोन्ही गोष्टी कारखान्यातच शक्य आहेत.

मात्र परवानाधारकांची एक तक्रार खरी आहे आणि तिची दखल घ्यायला हवी. देशातली बारा बोअरची काडतुसे वर्षानुवर्षे मुख्यतः पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून आली. 1869 मध्ये सुरू झालेला हा कारखाना 1 ऑक्टोबर 2021 पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. त्याच्या काडतुसांच्या बुडावरची 'केएफ' ही अक्षरे परवानाधारकांच्या ओळखीची आहेत. हवा तो नंबर हव्या त्या वेळी दुकानात असतोच असे नाही. जुन्या 65 मिमी चेंबरच्या बंदुकीचा मालक तर कायम चुकीच्या काडतुसाच्या मोहात असतो. अशा बंदुका देशात थोड्या नाहीत. कमी दाबाचे, आखूड, गोल वळणाचे काडतूस चाचणी करून, आकडा स्पष्ट छापून नियमित पुरवणे खडकीसारख्या कारखान्याला अशक्य नाही. घरी नळी कापण्याचा विचार ज्याच्या मनात येतो, त्याची गरज तिथून भागली पाहिजे.

तोपर्यंत हातात असलेल्या काडतुसांची तपासणी तरी प्रत्येकाला करता येते. बंदूक मोडून नळीच्या बुडाशी चेंबरचा आकडा वाचावा. तो पुसला असेल तर परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडून चेंबर मोजून घ्यावे, अंदाज करू नये. काडतुसाच्या तोंडावरची चकती बोटाने हलत असेल, कड एका बाजूने उलगडली असेल, नळी फुगली असेल किंवा पितळी बुडावर हिरवट थर आला असेल, तर ते काडतूस वापरातून काढावे आणि विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात नोंदीसह जमा करावे. उघडून पाहू नये. घडीच्या मध्यभागी भोक दिसत असेल आणि त्यातून छर्रा डोकावत असेल, तेही त्यातच. आणि बार दबका वाटला, तर दुसरी नळी न उडवता थांबावे, नळी सुरक्षित दिशेला धरून थोडा वेळ जाऊ द्यावा, मग बंदूक मोडून दोन्ही काडतुसे काढावीत आणि बुडाकडून उजेडाच्या दिशेने नळीत पाहावे. पलीकडचा उजेड पूर्ण गोल दिसला तरच पुढचे काडतूस भरावे.